चारही क्रियापदांना ‘ठामपणे सांगणे’ कसं चालेल?

इंग्रजी क्रियापदांच्या अर्थांवरच्या तुमच्या लेखात असर्ट (assert), मेन्टेन (maintain), कन्टेन्ड (contend) आणि अलेज (allege) या चौघांपुढे ‘ठामपणे सांगणे’ एवढाच अर्थ दिलाय, तो पटला नाही. आम्हा बेळगावकरांना सीमाप्रश्नाच्या इंग्रजी बातम्यांत हे शब्द सारखे भेटतात. महाराष्ट्राने २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दावा लावला. तिथे महाराष्ट्र ‘कन्टेन्ड’ करतो, म्हणजे समोर विरोधी पक्ष आहे आणि मुद्दे मांडून वाद चाललाय. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल अंतिम आहे असं कर्नाटक ‘मेन्टेन’ करतं: अहवाल १९६७ चा, विरोध कितीही झाला तरी म्हणणं तेच. ‘असर्ट’मध्ये जोर असतो, पुरावा असेलच असं नाही. ‘अलेज’ मात्र जपून वापरायचा, तो सिद्ध न झालेल्या आरोपासाठी. बातमीत ‘लाठीमार झाल्याचं अलेज केलं’ असं आलं, तर वार्ताहर स्वतः त्याची हमी देत नाही. खानापूर-निपाणीकडच्या मुलांना मी हे आवर्जून सांगते. स्पर्धा परीक्षेत नेमकं इथंच घसरतात. ‘डिफेन्ड’ आणि ‘व्हिन्डिकेट’ही एक नव्हेत. बाजू लढवली की डिफेन्ड झालं. ती खरी ठरली तरच व्हिन्डिकेट. ‘डिक्लेअर’ राहिलाच आहे, पुढच्या भागात तो वाक्यांसकट घ्या, ही विनंती.