खांद्याला झेपेल तेच काडतूस घ्यावं: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या बायकोसाठी हरणाच्या शिकारीची बोल्ट-ॲक्शन रायफल (हाताने बोल्ट मागे-पुढे ओढून काडतूस भरायची) निवडताना आम्ही ३५० लेजंड हे काडतूस का घेतलं, हे मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची मिशिगनहून आलेली प्रतिक्रिया दोनदा शांतपणे वाचली. तुमचे आक्षेप पाच आहेत. ३५० हे हरणासाठी कमजोर काडतूस आहे आणि ते नवख्याच्या हातात देणं म्हणजे जनावराचे हाल करणं. घ्यायचं तर ४५० बुशमास्टर हे त्याहून जाड काडतूसच घ्यावं. शेताच्या कडेला शंभर यार्डांत शिकार करायची तर बोल्टपेक्षा लीव्हर (चापाखालची कडी खाली-वर करून काडतूस भरायची रायफल) बरी. ‘४५-७० सगळीकडे चालतं’ हे त्या जुन्या, जाड काडतुसाबद्दलचं माझं वाक्य चुकीचं आहे. आणि व्हिसावर राहणाऱ्या मराठी वाचकांना मी सावध केलं नाही.

शेवटच्या दोन मुद्द्यांवर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, म्हणून आधी तेच.

मी ओहायोत राहतो. इथे २०१४ पासून सरळ पुंगळीच्या (तोंडाकडे निमुळती न होणाऱ्या) काडतुसांच्या रायफली हरणासाठी चालतात, सध्या .३५७ ते .५० कॅलिबरपर्यंत (कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी, इंचांत; ३५० लेजंडही त्यात येतं), आणि त्यात पुंगळीच्या लांबीची अट नाही. त्यामुळे १८७३ सालचं ४५-७० इथे आरामात बसतं. तुमच्याकडे मिशिगनच्या दक्षिण भागासाठी त्याच वर्षी जो नियम आला त्यात कॅलिबर किमान .३५ आणि पुंगळी १.१६ ते १.८० इंच अशी अट होती. ४५-७० ची पुंगळी २.१०५ इंचांची, म्हणजे सरळ बाद. ३५० लेजंड १.७१ आणि ४५० बुशमास्टर १.७० इंच, ही दोन्ही बसतात. ३६० बकहॅमर हे काडतूस तर बरोबर १.८० वर आणून ठेवलंय, ते उगाच नाही. मी आपल्या राज्याचा नियम शेजाऱ्याच्या राज्याला लावला, आणि ज्या विषयात चुकीच्या काडतुसावर गुन्हा दाखल होतो तिथे असं करणं बरोबर नव्हतं. कुणीही दुकानात जाण्याआधी आपापल्या राज्याची त्या वर्षाची नियमपुस्तिका उघडावी. आमच्याकडे आणखी एक अट आहे: नळीत आणि मॅगझिनमध्ये मिळून तीनच काडतुसं. पाचाचं मॅगझिन मिळालं म्हणून पाच भरून मचाणावर बसता येत नाही.

व्हिसाचं तर मी लिहायलाच हवं होतं. आम्ही दोघं ग्रीन कार्डावर होतो, म्हणून तो प्रश्न आमच्यापुढे कधी आलाच नाही आणि लेखातून सुटला. एच-वन, एच-फोर, एल-वन, विद्यार्थी व्हिसा, यांपैकी कशावरही असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. मित्राची रायफल नेमबाजीच्या रेंजवर हातात धरणं, भाड्याने घेऊन चार गोळ्या झाडणं, हेही बाळगण्यातच येतं. परवान्याची मुदत संपलेली असताना घरात रायफल सापडली तर व्हिसाच काय, पुढचं ग्रीन कार्डही धोक्यात येतं. तेव्हा आधी परवाना, मग इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलणं, आणि त्यानंतर दुकान.

आता ३५० विरुद्ध ४५०. इथे मात्र माझं मत बदललेलं नाही, आणि त्याचं कारण मला स्वतःला फार महाग पडलंय.

माझी पहिली रायफल ४५० बुशमास्टरची होती. दुकानातल्या माणसाने ‘जिथे लागेल तिथे हरीण जागेवर बसेल’ असं सांगितलं होतं, आणि मला ते ऐकायचंच होतं. हलकी, आखूड नळीची बोल्ट. पहिल्याच हंगामात कोशॉक्टन काउंटीत एका शेतकऱ्याच्या जमिनीवर, त्याची लेखी परवानगी खिशात घेऊन, मी मचाणावर बसलो होतो. नव्वद यार्डांवर हरणाची मादी आली, आडवी उभी राहिली, आणि मी चाप ओढला. गोळी पोटात लागली. चार तास थांबून टॉर्चच्या उजेडात माग काढला, पानांवर रक्त कमी आणि हिरवट काळं पाणीच जास्त. मादी दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्यात सापडली. मांस खराब झालं होतं. २५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी, सेकंदाला २,२०० फूट वेग, जवळपास २,७०० फूट-पाउंड ऊर्जा. आणि त्या जनावराने सगळी रात्र काढली.

पुढच्या आठवड्यात एका जुन्या शिकारी मित्राने मला रेंजवर नेलं. रायफल त्याच्याकडे. प्रत्येक वेळी तो माझ्याकडे पाठ करून काडतूस भरायचा, बोल्ट लावायचा आणि रायफल माझ्या हातात द्यायचा. कधी जिवंत काडतूस, कधी नुसती झाडलेली पुंगळी. कुठलं ते मला कळायचं नाही. तिसऱ्या वेळी चाप ओढला, टक्क असा आवाज आला, आणि नळीचं तोंड माझ्या डोळ्यांदेखत चांगलं तीन बोटं खाली गेलं. डोळा मिटला होता, खांदा पुढे आला होता. धक्का यायच्या आधीच माझं शरीर धक्क्याशी भांडत होतं. मित्र काही बोलला नाही. त्याने पुन्हा पुंगळी भरली आणि रायफल परत दिली. त्या मादीच्या पोटात गोळी का गेली, ते मला तिथे कळलं.

म्हणून मी म्हणतो की नवख्याने आधी धक्का बघावा आणि ऊर्जेचा आकडा नंतर. दुर्बिणीसकट सात पाउंडांच्या रायफलीत ४५० चा धक्का ३५० च्या अडीचपटीच्या आसपास येतो, हा माझा हिशेब आहे. नळीच्या तोंडाला ब्रेक (वायू बाजूला वळवून धक्का कमी करणारा तुकडा) लावला तर खांद्याला बरं वाटतं खरं, पण आवाज असा फुटतो की नवखा माणूस त्या आवाजालाच दचकू लागतो. माझी बायको सव्वापाच फूट उंच, बारीक अंगाची. ३५० घेऊन ती एका दुपारी चाळीस गोळ्या झाडते आणि शेवटच्या पाचांचा गट (कागदावरची भोकं किती जवळ पडली ते) पहिल्या पाचांइतकाच असतो. ४५० वर माझ्याच्याने दहाच्या पुढे ते होत नाही.

‘पण दोनशे यार्डांवर तुमच्या ३५० मध्ये उरतं काय?’ असं तुम्ही विचारलंत. प्रश्न रास्त आहे. १५० ग्रेनची गोळी २,३२५ फूट वेगाने निघते, तेव्हा ऊर्जा साधारण १,८०० फूट-पाउंड. दीडशे यार्डांवर ती हजाराच्या थोडी वर असते, दोनशेवर नऊशेच्या आसपास येते. हरणाला हजार हवेत हा शिकाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. तो विज्ञानाचा नियम नसला तरी मी तो पाळतो. म्हणून आमची हद्द दीडशे यार्ड. त्यापलीकडचं हरीण आम्ही बघतो आणि जाऊ देतो. शंभरावर नेम बसवला तर दोनशेवर ३५० ची गोळी आठ-नऊ इंच खाली जाते आणि ४५० ची दहाच्या आसपास, म्हणजे लांबच्या नेमासाठी ४५० घेऊन काही हाती लागत नाही. ४५० चा फायदा जवळ आहे: मोठं भोक, जाड गोळी, मागावर जास्त रक्त. ज्याचा खांदा त्याला सरावलाय त्याने जरूर घ्यावं. तुम्ही बारा वर्षं शिकार करताय, तुमच्या हातात ते शोभतं.

गोळीच्या प्रकाराबद्दल मी कमी लिहिलं, ते मात्र खटकलं. ३५० ची स्वस्त खोकी पूर्ण तांब्याच्या आवरणाच्या गोळ्यांची असतात. ती सरावापुरती. शिकारीला फुलणारी गोळीच हवी, आणि हंगामाआधी नेम त्याच गोळीवर बसवायचा, कारण दोन्ही एकाच ठिकाणी लागत नाहीत.

लीव्हरबद्दल. मला लीव्हर आवडते, आणि ३६० बकहॅमर तर तिच्यासाठीच, बुडाशी बाहेर आलेल्या काठाच्या पुंगळीचं केलंय. पण नवख्याला शिकवताना मला बोल्ट हवी, त्याचं कारण साधं आहे. बोल्ट मागे ओढला की वीस पावलांवरून दिसतं की तो उघडा आहे आणि रायफल झडणार नाही. कुंपण ओलांडताना, मचाणावर दोरीने रायफल वर घेताना मी बायकोच्या हातातल्या उघड्या बोल्टकडे बघतो आणि निश्चिंत होतो. नोव्हेंबरअखेरच्या थंडीत जाड हातमोज्यांनी लीव्हरचा घोडा हळूच खाली सोडणं हे पहिल्या वर्षीच्या माणसाचं काम नव्हे. ३५० लेजंड आणि ४५० दोन्ही पुंगळीच्या तोंडावर टेकून बसतात, त्यामुळे नळीचं घर (काडतूस बसतं ती जागा) स्वच्छ ठेवावं लागतं. बोल्ट काढून आत डोकावून ते पुसणं पाच मिनिटांचं काम आहे.

राहता राहिलं नेमकी रायफल कुठली. आम्ही तीन हाताळल्या. रुगर अमेरिकन रँच आखूड नळीची, मचाणावर फिरवायला सर्वांत सोपी. विंचेस्टर एक्सपीआर अंगाने भरलेली, त्यामुळे धक्का आणखी मऊ. मॉसबर्ग पेट्रियटच्या सुपर बँटम प्रकारात दस्त्याची लांबी कमी-जास्त करता येते, आणि निकाल तिथेच लागला. दस्ता खांद्याला लावल्याबरोबर बायकोचा डोळा आपोआप दुर्बिणीच्या मधोमध आला, मान ताणावी लागली नाही. बाकीच्या दोन्हींत ती प्रत्येक वेळी डोकं पुढे सरकवत होती. जड कोट घालून दुकानात जा, एवढंच मी कुणालाही सांगेन. हंगामात अंगावर तोच असतो.

बायकोची पहिली शिकार, एक मादी, सत्तर यार्डांवर आली होती. ती दोनदा आडवी झाली नाही म्हणून बायकोने दोनदा चापावरचं बोट काढलं, आणि तिसऱ्यांदा गोळी खांद्यामागे लागली. चाळीसेक पावलं पळाली आणि मक्याच्या कापलेल्या खुंटांत पडली. आम्ही तरी अर्धा तास मचाणावर थांबलो.

४५-७० ची ओळ काल रात्री दुरुस्त केली आहे, व्हिसाचा परिच्छेद लेखाच्या अगदी वर घातला आहे, आणि चूक एका वाचकाने दाखवली असं तिथे लिहिलं आहे. तुमच्या ४५० ने तुम्ही शंभर यार्डांवर पाच गोळ्यांचा गट किती इंचांत बसवता, आणि किती गोळ्यांनंतर खांदा तक्रार करतो, ते जरूर कळवा. दोन्ही आकडे लेखात माझ्या आकड्यांशेजारी देईन.