धण्याच्या पाण्याने थायरॉईड जात नाही, आणि गरोदर बाईने गोळी सोडायची नाही

‘थायरॉईडची गोळी म्हणजे गोड विष’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: गोळीची सवय लागून ग्रंथी आळशी होते. हाडं ठिसूळ होतात, हृदय जातं. गरोदर बाईने तर गोळीला हातही लावू नये, बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो. उपाय काय, तर गोळी आजच बंद करा आणि रात्री भिजवलेले धणे सकाळी उकळून त्याचं पाणी २१ दिवस प्या. शिवाय आयोडीनचं मीठ टाकून सैंधव खा.

माझ्या वहिनीला तिसरा महिना आहे. तिच्या आत्याने काळजीपोटी हा मेसेज तिला पाठवला आणि वहिनीने गोळ्यांची डबी उचलून कपाटात ठेवून दिली. कुणाला काही बोलली नाही. मला कळलं तेही बोलता बोलता. त्यामुळे हे शांतपणे लिहिणं मला जमणार नाही.

सगळ्यात घातक मुद्दा तोच, म्हणून आधी तो. गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण १२ आठवड्यांपर्यंत हार्मोन बनवत नाही. तोवर बाळाला लागणारं सगळं थायरॉक्सिन, म्हणजे हेच हार्मोन, आईच्या रक्तातून येतं, पुढेही काही आठवडे बरंचसं तिच्याकडूनच येतं, आणि मेंदूची घडण नेमकी याच काळात चालू असते. मेसेज म्हणतो मेंदूसाठी गोळी बंद करा. खरं तर मेंदूसाठीच ती चालू ठेवायची असते. हार्मोन कमी पडलं तर गर्भपात आणि वेळेआधी प्रसूती यांचाही धोका वाढतो.

अमेरिकन थायरॉईड असोसिएशनची गरोदरपणासाठीची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत अगदी स्पष्ट आहेत. आधीपासून लेव्होथायरॉक्सिन (म्हणजे कमी चालणाऱ्या थायरॉईडसाठीची हीच गोळी) घेणाऱ्या बाईची पाळी चुकली किंवा चाचणी पॉझिटिव्ह आली की डोस २० ते ३० टक्क्यांनी वाढवायचा आणि ताबडतोब डॉक्टरांना कळवायचं. सोपी पद्धतही तिथेच दिली आहे: आठवड्याला सात गोळ्या घेत असाल तर नऊ घ्या. मग निम्मे दिवस भरेपर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) तपासायचा. म्हणजे जगभरचे तज्ज्ञ वाढवा म्हणतात तिथे हा मेसेज बंद करा म्हणतो. मेसेज लिहिणाऱ्याने कुठेही स्वतःचं नाव दिलेलं नाही.

वहिनीला मी विचारलं, सकाळी आणखी काय काय घेतेस? तिने ताटलीत काढून दाखवलं: थायरॉईडची छोटी पांढरी गोळी, शेजारी लोहाची, कॅल्शियमची, आणि चहाचा कप. हे चौघं एकत्र पोटात गेले की थायरॉईडची गोळी नीट शोषलीच जात नाही. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने, आणि लोह-कॅल्शियम निदान चार तासांनी. गोळी घेऊनही अंगात थकवा राहतो अशी तक्रार करणाऱ्या कितीतरी बायकांना एवढंच सांगायला हवं असतं.

आता ते २१ दिवस. हा आकडाच लोकांना फसवतो. लेव्होथायरॉक्सिन शरीरातून फार सावकाश उतरतं. निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात. म्हणजे ज्यांची ग्रंथी काहीच बनवत नाही त्यांच्याही अंगात गोळी बंद केल्यावर आठवड्याने अर्धं, पंधरवड्याने पाव आणि २१ दिवसांनी आठवा हिस्सा शिल्लक असतो. पहिले दोन-तीन आठवडे माणूस ठीक असतो तो या शिलकीवर. धण्याचं श्रेय त्यात काहीच नाही. सुस्ती, सूज, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणं हे सगळं नंतर सुरू होतं, आणि तोवर ‘मला गुण आला’ असा मेसेज पुढे गेलेला असतो. डोस बदलल्यावर डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करायला सांगतात तेही याच कारणाने. ज्यांची ग्रंथी ऑपरेशनने काढून टाकली आहे, त्यांनाही हा मेसेज धण्याने ग्रंथी ‘जागी होईल’ म्हणून सांगतो. नसलेली ग्रंथी कशी जागी होणार?

गोळीची सवय लागते हेही खोटं. ग्रंथी थकलेली असते म्हणून टीएसएच वाढतो, तो वाढलेला दिसतो म्हणून गोळी सुरू होते. क्रम पाहा. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क दिला. पुढे तोच उपचार चालू ठेवून ती आणखी २८ वर्षं जगली. आजच्या गोळीत असतं ते आपल्याच ग्रंथीत तयार होणारं थायरॉक्सिन, फक्त कारखान्यात बनवलेलं.

हाडांच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, ते मान्य करावंच लागेल. डोस गरजेपेक्षा जास्त झाला आणि वर्षानुवर्षं तसाच राहिला, तर पाळी गेलेल्या बायकांची हाडं झिजतात, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. पण यावर उपाय टीएसएच तपासून डोस कमी करणं हा आहे. काहींची गोळी खरोखर बंदही होते, उदाहरणार्थ बाळंतपणानंतरचा तात्पुरता थायरॉईड. तीही डॉक्टरांनी रक्त तपासून बंद केलेली.

मिठाबद्दल एकच सांगते: सैंधवात आयोडीन नगण्य असतं, आणि गरोदर बाईला ते नेहमीपेक्षा जास्त लागतं.

मेसेजने न सांगितलेला एक खरा धोका मात्र आहे. ‘थायरॉईडची गोळी’ एकच नसते. ज्यांची ग्रंथी जास्त चालते त्यांना कार्बिमाझोल देतात. ते काम उलटं करतं, हार्मोन बनणं रोखतं. क्वचित त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी अचानक खूप घटतात. कार्बिमाझोल घेत असताना ताप आला, घसा दुखू लागला, तोंडात फोड आले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्ताची तपासणी करून घ्या. आणि गर्भ राहिला असेल किंवा ठेवायचा असेल तर त्यांना लगेच सांगा, कारण पहिल्या तीन महिन्यांत हे औषध बहुधा बदलतात.