पन्नास वर्षं गायब राहायचंय? मग आधी कोल्हापूर सोडा

उधारी वाढलीय, भाऊबंदकी पेटलीय, पक्षानं ऐनवेळी तिकीट कापलंय. अशा वेळी गायब व्हावं असं तुम्हाला वाटणारच. वाटू द्या. फक्त गुरू चांगला निवडा. जिमी हॉफा. अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांच्या युनियनचा माजी अध्यक्ष, माफियाशी घरोबा, तुरुंगाची वारी केलेला. ३० जुलै १९७५ ला डेट्रॉइटजवळच्या एका हॉटेलबाहेर दिसला तो शेवटचा.

त्याचं चुकलं कुठं, तर घाईत. माफियातले टोनी जियाकलोनी आणि टोनी प्रोव्हेन्झानो त्याला दोन वाजता भेटणार होते. सव्वादोनला यानं वैतागून बायकोला फोन लावला, की अजून कुणी आलं नाही. पंधरा मिनिटांत वैताग! आपल्याकडं ‘आलोच भावा, व्हीनस कॉर्नरला हाय’ हे मोरीतनं, अंगावर साबण असताना बोलायचं असतं. कोल्हापूरकर साडेतीनपर्यंत निवांत बसला असता, वर दुसरा कट मागवला असता.

शिकायचं असेल तर त्या दोन टोनींकडून शिका. एक त्या दुपारी क्लबात चारचौघांना दिसेल असा वावरत होता. दुसरा म्हणाला, मी न्यू जर्सीत पत्ते खेळत होतो. भेट ठरलीच नव्हती, यावर दोघांचं एकमत. तुम्हाला क्लबही नको. तालमीच्या कट्ट्यावर जे बसले होते ते तर तुमच्या बाजूनं साक्ष देतीलच, जे नव्हते ते जास्त खात्रीनं देतील.

पण गाडीचं काय करणार? हॉफाची पॉन्टिअॅक हॉटेलच्या पार्किंगमध्येच सापडली. तुमची बुलेट रंकाळ्यावर तासभर बेवारस दिसली की घरी फोन गेलाच समजा. ‘वैनी, दादांची गाडी हितं हाय, दादा कुठं हाईत?’ रात्री गंगावेशीत तोंडाला रुमाल बांधून दुधाला गेलात, तरी धार काढणारा ग्लास पुढं करत विचारणार, ‘काय पावणं, आज उशीर?’

लपायला जमिनीखाली जावं म्हणाल, तर तिथंही आपल्या गावाचा भरवसा नाही. हॉफाला १९८२ मध्ये कायद्यानं मृत ठरवलं, आणि खणाखणी त्यानंतरच जोरात आली. २००६ मध्ये मिशिगनमधल्या एका घोड्यांच्या फार्मवर कोठार पाडलं. २०१२ मध्ये कुणाच्या तरी दारातलं काँक्रीट भोसकून माती तपासली. २०१३ मध्ये एक माळ उकरला. पुढं न्यू जर्सीत एका पुलाखाली शोधाशोध झाली, २०२२ मध्ये निकाल आला: काही नाही. तिथल्याच जायंट्स स्टेडियमखाली पुरलाय ही आवई तर अशी चिवट, की २०१० मध्ये स्टेडियम पाडलं तरी ती उभीच. त्यांना खणायला आधी खबर लागते. आपल्याकडं एकच रस्ता ड्रेनेजला, केबलला, पाइपलाइनला आणि मागच्या वेळी काय राहिलं ते बघायला उकरतात. चौथ्या खेपेला तुम्ही वर येणारच.

शेवटचा धोका दोस्तांचा. ‘हॉफाला मीच मारलं’ म्हणणारे तिकडं एकाहून अधिक निघाले, त्यातल्या एकानं दाखवलेल्या घरातलं रक्तही तपासलं, ते हॉफाचं नव्हतं. तुमच्या बाबतीत ‘त्याला मीच लपवलंय’ म्हणत तिघं पोलिसात हजर होतील, दोस्तीत कमी पडलो असं कुणी म्हणायला नको म्हणून. त्यातला एक पत्ताही देईल. आणि तुम्ही नेमके तिथंच, तांबड्या रश्श्याची तिसरी वाटी पुढ्यात घेऊन बसलेले असाल.