फाईल उडवली म्हणजे कुलूप उघडत नाही

सेवा केंद्रवाले, झेरॉक्सवाले, फ्लेक्सवाले यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ‘फायली लॉक झाल्या तर घाबरू नका. संशयित ईएक्सई (प्रोग्रामची फाईल) शोधून शिफ्ट-डिलीट मारा, फायलींच्या नावामागचं शेपूट काढा, अँटीव्हायरस फिरवा. नाहीच जमलं तर फॉरमॅट. खेड्यातल्या कॉम्प्युटरमागं हॅकर लागत नसतात.’ हे लॉक म्हणजे रॅन्समवेअरचं काम: हा प्रोग्राम फायलींना कुलूप लावतो, नावामागं आपलं शेपूट (एक्स्टेन्शन) जोडतो आणि उघडायचे पैसे मागतो. दारव्हा-दिग्रसपासून आर्वीपर्यंत लोक या मेसेजवर विश्वास ठेवतात आणि वाचू शकला असता तो डेटाही घालवून बसतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

शेवटचा आधी. हॅकर गाव शोधत येत नाही, हे खरं. त्याला यावंच लागत नाही, कारण त्याची फाईल आपणच घरात आणतो. लग्नपत्रिका, फ्लेक्स, टायपिंग या कामांसाठी फोटोशॉप, कोरलड्रॉ, पेजमेकर फुकटात हवं म्हणून क्रॅक, म्हणजे लायसन्स तोडलेली चोरटी प्रत, उतरवला जातो. ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना त्यासोबत असते आणि आपण ती पाळतो. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाचं रॅन्समवेअर मुख्यतः याच वाटेनं पसरलं. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरला तर कुणी क्लिक करण्याचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेलं अपडेट ज्या मशीनवर टाकलं नव्हतं, तिथं ते नेटवर्कमधून आपोआप शिरलं, दीडशेहून जास्त देशांत. आणि जुलै २०२४ मध्ये बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा पैशांचे व्यवहार अडले ते सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, म्हणजे आपल्याच लोकांचे.

आता शिफ्ट-डिलीट. ही दोन वेगळी कामं आहेत: कुलूप लावणारा प्रोग्राम काढणं आणि लागलेलं कुलूप उघडणं. पहिलं केल्यानं दुसरं होत नाही. पण पहिलं अर्धवट राहिलं तर नवीन फायलीही लॉक होत राहतात. डीजेव्हीयू स्वतःची प्रत ॲपडेटा या विंडोजच्या लपलेल्या फोल्डरमधल्या लोकल फोल्डरमध्ये ठेवतं आणि टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या विंडोजच्या यादीत) ‘टाइम ट्रिगर टास्क’ नावाची नोंद करतं, म्हणजे ते ठरावीक वेळानं पुन्हा चालू होतं. डेस्कटॉपवरची ईएक्सई उडवून निर्धास्त झालेला माणूस मग बॅकअपचा पेनड्राइव्ह लावतो आणि तोही जातो.

नाव विचित्र दिसलं म्हणून काहीही उडवणं तितकंच वाईट. झूमसारखे चांगले प्रोग्रामही ॲपडेटामध्येच बसतात. आधी एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन चालू करा, म्हणजे ‘बिल.पीडीएफ’ दिसणारी फाईल प्रत्यक्षात ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ आहे हे कळेल. टास्क मॅनेजरमध्ये राइट क्लिक करून ती कुठून चालते ते पाहा, आणि काढण्याचं काम विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसवर, डिफेंडरच्या ऑफलाइन स्कॅनवर सोपवा. तो विंडोज सुरू होण्याआधी तपासतो, तेव्हा हा प्रोग्राम चालू नसतो.

शेपूट काढायचा सल्ला सगळ्यात फसवा, कारण तो चालल्यासारखा दिसतो. पांढरा पडलेला आयकॉन पुन्हा एक्सेलचा हिरवा होतो. मग डबल क्लिक केलं की फाईल खराब असल्याचं येतं. ‘भाऊ, फायली त आहेत, पण उघडून नाही राहिल्या,’ असं लोक सांगतात ते यामुळेच. नाव बदललं तरी आतला मजकूर कुलूपबंदच असतो. डीजेव्हीयू प्रत्येक फाईलचे सुरुवातीचे सुमारे दीडशे केबी लॉक करतं. लाभार्थ्यांची यादी किंवा सातबाऱ्याची पीडीएफ बहुधा तेवढ्यातच संपते, म्हणून ती पूर्ण जाते. लग्नाच्या मोठ्या व्हिडिओचा मात्र फक्त सुरुवातीचा भाग बिघडतो, तो दुरुस्तीच्या टूलनं काही वेळा परत मिळतो. नावं बदलत बसलात तर पुढं कुठली फाईल कुठल्या प्रकारानं लॉक झाली, तेच ओळखायला जड जातं.

अँटीव्हायरसनं प्रोग्राम निघतो, कुलूप उघडत नाही.

फॉरमॅट मारणं हे माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान. प्रत्येक फोल्डरमध्ये पडलेली, पैसे मागणारी ‘रीडमी’ची चिठ्ठी लोक घाण म्हणून उडवतात, पण डीजेव्हीयूनं तुम्हाला दिलेला आयडी तिच्यातच असतो. तो ‘टी१’ नं संपत असेल, तर लॉक करताना प्रोग्रामला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं नव्हतं आणि त्यानं अनेकांना सारखीच असलेली ऑफलाइन किल्ली वापरली, असा अर्थ निघतो. अशा किल्ल्या पुढंमागं हाती लागतात आणि एम्सिसॉफ्ट या अँटीव्हायरस कंपनीचं मोफत टूल त्या वापरून फायली उघडतं. म्हणून लॉक झालेल्या फायली आणि ती चिठ्ठी वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा, मगच मशीन साफ करा. युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये इतरांसोबत सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या वेबसाइटवर एखादी लॉक झालेली फाईल आणि चिठ्ठी टाकली, तर कुठला प्रकार आहे आणि त्यावर टूल आहे का, ते पैसे न देता कळतं. लोकांचं आधार किंवा बँक पासबुक असलेली फाईल मात्र तिथं टाकू नका, साधा फोटो पुरे.

ग्रुपवर कुणीतरी हेही लिहितं की ७२ तासांत निम्मे पैसे लागतात, भरून टाका. डीजेव्हीयूच्या चिठ्ठीत ९८० डॉलर आणि घाई केली तर ४९० असं असतंच, ते घाबरवण्यासाठी. भरल्यावर किल्ली मिळेलच याची हमी कुणाकडे नाही.

मग करायचं काय? फायली लॉक झालेल्या दिसल्या की आधी नेट तोडा: लॅनची वायर काढा, मोबाईलचा हॉटस्पॉट बंद करा, पेनड्राइव्ह ओढा. फायली डोळ्यांदेखत एकामागून एक बदलत असतील तर पॉवर बटण दाबून मशीन बंदच करा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. आणि डीजेव्हीयूसोबत पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही अनेकदा येतात, तेव्हा सेवा केंद्राचं लॉगिन, महाडीबीटी, ईमेल, बँक हे सगळे पासवर्ड त्याच दिवशी बदला, पण त्या कॉम्प्युटरवरून नाही, दुसऱ्या मशीनवरून.