अधिक महिन्यातलं प्लगइन

कार्यालयवाल्या काकांना मी फोनवर म्हणालो, "पाच मिनिटांचं काम आहे, काका." हे वाक्य परत घ्यायची काही सोय असती तर मी ती पैसे भरून घेतली असती.

२०१० चा उन्हाळा. त्या वर्षी वैशाख दोनदा आला होता, आधी अधिक आणि मग निज. अधिक महिन्यात लग्नं लागत नाहीत. त्यामुळे ऐन मे महिन्याच्या तोंडावर काकांचं मंगल कार्यालय रिकामं, आचारी गावाला आणि काका मोकळे. मंगल कार्यालयाचा मालक मोकळा असणं कुणाच्याच हिताचं नसतं. माझं लग्न त्यांच्याच हॉलमध्ये लागलेलं, शिवाय वडिलांची जुनी ओळख. म्हणून ते मला अरे-तुरे करतात आणि वेबसाइटचे पैसे 'घरचंच तर आहे' या दराने देतात.

"अरे, त्या नव्या लॉनवाल्याच्या साइटवर फोटो आहेत. आपल्याकडे नुसती तारखांची जंत्री. लोक हॉल बघायला येतात आणि वर बघून म्हणतात, छत बुटकं आहे. निदान घरबसल्या फोटो बघून तरी तसं म्हणणार नाहीत. टाक फोटो."

साइट मी रुबी ऑन रेल्समध्ये बांधली होती. डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन या डॅनिश माणसाने रुबी या भाषेत लिहिलेली, वेबसाइट बांधायची ही चौकट २००४ मध्ये लोकांसाठी खुली केली. तिचं आमच्यासारख्यांना आकर्षण एवढंच, की निम्मं काम आधीच करून ठेवलेलं. उरलेल्या निम्म्यासाठी प्लगइन असायचं. कुणीतरी लिहून ठेवलेलं, फुकट. 'स्क्रिप्ट प्लगइन इन्स्टॉल' म्हणून पुढे पत्ता लिहायचा, की ते जिथे असेल तिथून येऊन 'व्हेंडर'मधल्या 'प्लगइन्स' या फोल्डरात बसायचं. आत एक 'इन्स्टॉल' फाइल असली तर ती आल्या दिवशी एकदाच चालायची, आणि 'इनिट' फाइल दर वेळी सर्व्हर सुरू होताना. म्हणजे गृहप्रवेश एकदा आणि दिवाबत्ती रोज. कागदावर इतकं सरळ.

पाच मिनिटांचं काम असल्यामुळे मी ते सासुरवाडीला जाऊन करायचं ठरवलं. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाला जेवण आणि ३३ अनारसे. मी लॅपटॉप घेऊन गेलो. तिथूनच सगळं बिनसलं.

पहिलं प्लगइन आलं, बसलं, आणि म्हणालं की फोटो लहान-मोठा करायला मला आणखी एक जेम लागेल. रुबीत अशा आयत्या पुडक्याला जेम म्हणतात, म्हणजे रत्न. रत्न मागवलं. पडद्यावर ओळ आली: 'बिल्डिंग नेटिव्ह एक्स्टेन्शन्स. धिस कुड टेक अ व्हाइल.' हे रत्न नुसतं रुबीत नव्हतं. त्याच्या पोटात सी भाषेतला ऐवज होता आणि तो माझ्याच मशीनवर नव्याने घडवायला लागणार होता. सासरे चष्मा सरसावून मागे उभे.

"बिल्डिंग? कुठे घेताय?"

"नाही, नेटिव्ह..."

"म्हणजे गावाकडे का? चांगलं आहे. रेट काय चाललाय?"

तेवढ्यात बिल्डिंग कोसळली. चाळीसेक ओळींचा ढिगारा, आणि तळाशी मथितार्थ असा की ज्या ग्रंथालयाच्या (म्हणजे लायब्ररीच्या, आयत्या कोडच्या साठ्याच्या) जिवावर हे घडायचं त्याच्या हेडर फाइली तुमच्याकडे नाहीत. त्या आणल्या. त्यांना आणखी कशाच्या तरी हव्या होत्या. घरी एक पाहुणा जेवायला बोलवावा आणि त्याने जिन्यातून वाकून खाली हाक मारावी, "या रे सगळे, आहे जागा," तसं ते चाललं होतं.

"जावईबापू, पाट मांडलाय," सासूबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. पहिल्या दोन वेळी आवाजात कौतुक होतं.

मी ते प्लगइन काढून टाकलं आणि दुसरं आणलं. याला घडवाघडवी नको होती. इमेजमॅजिक नावाची एक जुनी आणि दणकट आज्ञावली आहे, तिला ते बाहेरूनच हाका मारायचं. इमेजमॅजिक माझ्याकडे होतं. आता त्यावर हॉल, भोजनगृह, वधूपक्षाची खोली असे गट पाडायला मी एक छोटंसं स्वतःचं प्लगइन लिहिलं आणि हौसेने नाव ठेवलं 'अल्बम'. सर्व्हर सुरू केला. सर्व्हर म्हणाला, तुमचा अल्बम ज्याच्या जिवावर उभा आहे असं कुणी आम्हाला माहीत नाही.

फोल्डरात तर दोघं शेजारी-शेजारी बसलेले! कारण कळायला तासभर गेला. वेगळं काही सांगितलं नाही तर रेल्स प्लगइनं इंग्रजी वर्णानुक्रमाने लोड करायचं, शाळेच्या हजेरीपटासारखं. अल्बम 'ए'चा, फोटोवालं 'पी'चं. माझा अल्बम पहिल्या बाकावर उभा राहून ज्याला हाक मारत होता, ते पोरगं अजून शाळेच्या फाटकातही शिरलं नव्हतं. (त्या काळी प्लगइनांचं नाव 'ॲक्ट्स ॲज'पासून सुरू करायची साथच होती. म्हणजे हजेरीपटावर अर्धा वर्ग आपटे.) क्रम नीट लिहून द्यायची सोय कॉन्फिगमध्ये, म्हणजे साइटच्या सेटिंगच्या फाइलीत, होती. सभ्य माणसाने ती वापरली असती. मी प्लगइनचं नाव 'झेड अल्बम' केलं.

आणि पान उघडलं! मी अनारशाचा पहिला तुकडा मोडला आणि दुसऱ्या हाताने रिफ्रेश केलं.

आता जो संदेश आला तो शब्दशः सांगतो, कारण मी तो इतक्या वेळा वाचलाय की झोपेत म्हणेन. मॉड्यूलच्या झाडावरून याची एक प्रत काढून टाकलेली आहे, पण ती अजून सक्रिय आहे. कॅलिफोर्नियात की कोपनहेगनात कुठेतरी बसून हे वाक्य लिहिणाऱ्याला विक्रम-वेताळ माहीत असण्याचं कारण नाही. पण झाड, झाडावरून काढलेलं प्रेत आणि तरी ते बोलतंय, यापेक्षा वेगळं काय असतं वेताळ म्हणजे? भानगड अशी की विकसनाच्या वेळी रेल्स आमचा कोड दर रिफ्रेशला नव्याने वाचायचं, प्लगइन मात्र सुरुवातीला एकदाच. माझा अल्बम मागच्या पानावरच्या ज्या 'फोटो'चा हात धरून बसला होता, तो फोटो केव्हाच मेला होता आणि त्याच नावाचा नवा जन्मला होता. सर्व्हर बंद करून चालू केला की वेताळ खांद्यावर. रिफ्रेश केलं की पुन्हा झाडावर. मी हे बावीस वेळा केलं. अनारसे मी अकरा खाल्ले.

(पुढे २०१३ मध्ये रेल्स ४ आलं तेव्हा ते प्लगइनांचं फोल्डरच गेलं, सगळ्यांनी जेम व्हायचं ठरलं. जेमांचे आपसातले मानपान बंडलर बघतो. कुणाला कुणाची कुठली आवृत्ती चालत नाही हे तो फार सविस्तर सांगतो, आणि मग 'काय ते तुम्ही बघा' म्हणून हात झटकतो.)

आपल्या पंचांगाचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं. चांद्रवर्ष सौरवर्षाला सुमारे ११ दिवस कमी पडतं, तर साधारण ३२-३३ महिन्यांनी अख्खा महिना मधेच घुसवतात. आधीचे सण हलत नाहीत, नंतरचे अडत नाहीत. रिस्टार्ट नाही.

रात्री साडेदहाला काकांचा फोन. "काय रे, पाच मिनिटं झाली का?"

वेताळ तेव्हा कसाबसा बांधला होता. मी हॉलचा फोटो चढवला. उत्तर आलं, ही फाइल 'आयडेंटिफाय' आज्ञेला ओळखता येत नाही. मी थकून ते तसंच्या तसं काकांना सांगितलं.

"ओळखत नाही? चाळीस वर्षं झाली हॉलला! अर्ध्या पुण्याची लग्नं तिथे लागलीत!"

फोटोत काही दोष नव्हता. 'आयडेंटिफाय' हा इमेजमॅजिकचाच कारकून. तो कुठल्या फोल्डरात बसतो हे प्लगइनला माहीत नव्हतं, म्हणून तो भेटत नव्हता. आणि कारकून भेटला नाही, तर प्लगइनने खापर अर्जावर फोडलं होतं. ही पद्धत मात्र मला परकी वाटली नाही. पत्त्याची एक ओळ लिहिली. एक. फोटो चढला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन काकांच्या कॉम्प्युटरवर साइट उघडली आणि माझ्या पोटात गोळा आला. फोटो आडवा पडला होता. कॅमेरा कसा धरला होता याची नोंद फोटोच्या पोटात असते, आणि ती वाच असं सांगितल्याशिवाय इमेजमॅजिक वाचत नाही. भिंत जमिनीच्या जागी, जमीन डाव्या भिंतीच्या जागी, पंखे बाजूने उगवलेले.

काकांनी मान वाकडी करून बघितलं. मग सरळ करून बघितलं. मी 'ऑटो ओरिएंट'बद्दल तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"छत उंच वाटतंय," ते म्हणाले. "राहू दे असंच."