दस्तयेवस्कीला खांबाला बांधलं होतं का?

रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीवरची एक पोस्ट अधूनमधून फिरत येते. सारांश असा: त्याला खांबाला बांधून बंदुका रोखल्या, तेवढ्यात झारचा घोडेस्वार माफी घेऊन आला आणि तो सुटला. पुढे जुगारात बुडाला आणि कर्ज फेडायला 26 दिवसांत शून्यातून कादंबरी लिहिली.

आधी खांब. पीटर्सबर्गचं सेम्योनोव्स्की मैदान, तारीख 22 डिसेंबर 1849 (जुनं रशियन कॅलेंडर, आपल्या हिशेबाने 3 जानेवारी 1850). सरकारविरोधी चर्चागटात असल्याबद्दल मृत्युदंड झालेल्या कैद्यांना तिघातिघांनी पुढे नेणार होते. खांबाला बांधले ते पहिले तिघे: पेत्राशेव्स्की, मोम्बेली, ग्रिगोर्येव. दस्तयेवस्की सहावा, म्हणजे दुसऱ्या खेपेतला. त्याच दिवशी भावाला, मिखाईलला, लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःच हे सांगितलंय. मिनिटभराचंच आयुष्य उरलं होतं, असंही. शेजारच्या प्लेश्चेयेव आणि दुरोव यांना त्याने मिठी मारली. बंदुका त्याच्याकडे वळल्याच नाहीत.

माफीचं म्हणाल तर झारला ऐनवेळी काही पाझर फुटला नव्हता. शिक्षा आधीच बदललेली होती. निकालाचं वाचन, चुंबन घ्यायला पुढे केलेला क्रूस, डोक्यावर मोडलेल्या तलवारी, पांढरे सदरे हे सगळं ठरवून केलेलं नाटक. ‘सुटला’ हा तर निव्वळ खोटा शब्द. दोनच दिवसांनी, नाताळच्या आदल्या रात्री, पायात बेड्या ठोकून त्याला सायबेरियाला धाडलं. ओम्स्कला चार वर्षं सक्तमजुरी, मग सेमिपलातिन्स्कला साधा शिपाई. पीटर्सबर्ग पुन्हा दिसायला 1859 चं वर्षअखेर उजाडलं.

जुगाराचं व्यसन होतंच, त्यात वाद नाही. पण कर्जाचा मोठा वाटा 1864 मध्ये वारलेल्या मिखाईलचा आणि दोघांच्या ‘एपोखा’ मासिकाचा. तो दस्तयेवस्कीने अंगावर घेतला.

आता ते 26 दिवस. ती कादंबरी म्हणजे ‘जुगारी’. ती लिहून कर्ज फिटणार नव्हतं, कारण त्याचे पैसे आधीच उचललेले होते. 1865 मध्ये स्तेलोव्स्की या प्रकाशकाने 3000 रुबल दिले ते एका अटीवर: 1 नोव्हेंबर 1866 पर्यंत नवी कादंबरी हातात नाही पडली, तर पुढची 9 वर्षं दस्तयेवस्कीचं सगळं लेखन तो फुकट छापणार. धडपड होती ती हे हक्क वाचवायची.

शून्यातून म्हणावं तर कथानकाचा आराखडा 1863 मध्येच समीक्षक मित्र स्त्राखोव्हला लिहिलेल्या पत्रात आहे. 26 दिवस लागले ते मजकूर उतरवायला. 4 ऑक्टोबरपासून 20 वर्षांची लघुलेखिका आन्ना स्नित्किना (पुढे त्याची बायको) दुपारी मजकूर टिपून घ्यायची, घरी जाऊन रात्री साफ लिहून काढायची, दुसऱ्या दिवशी तो दुरुस्त्या करायचा. ‘गुन्हा आणि शिक्षा’ त्याच वर्षी मासिकात क्रमशः चालू होती, ती त्याला बाजूला ठेवावी लागली.

हस्तलिखित द्यायला गेला तर स्तेलोव्स्की गावातच नाही. अखेर ते पोलीस ठाण्यात जमा करून त्याने तारखेची पावती घेतली.