त्वचेच्या लिशमॅनियासिसवर नवीन औषध नकोच, हा फॉरवर्ड साफ चुकीचा आहे

सध्या एक मेसेज ग्रुप्सवर फिरतोय, की त्वचेच्या लिशमॅनियासिसचा (वालुमाशीच्या चाव्यातून अंगात शिरणाऱ्या परजीवीने होणारा रोग) फोड आपोआप बरा होतो, औषधं आहेतच, हळदीने परजीवी मरतो हे लॅबमध्ये दिसलंय, तरी कंपन्या नफ्यासाठी नवीन केमिकल काढतायत. मी याच रोगाच्या औषधांवर काम करते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आपोआप बरा होतो? परजीवीच्या काही जातींचा होतो, खरंय. पण बिकानेरकडच्या लिशमॅनिया ट्रॉपिका या जातीचा फोड वर्षभर सुद्धा राहतो आणि मागे व्रण ठेवून जातो, तोही बऱ्याचदा चेहऱ्यावर, कारण वालुमाशी उघड्या अंगाला चावते.

औषधं आहेतच म्हणे. मुख्य औषध अँटिमनीचं, उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी १९२० च्या दशकात कोलकात्यात युरिया स्टिबामाइन काढलं तोच धातू आपण अजून वापरतोय! रोज एक इंजेक्शन, साधारण २० दिवस, हृदयावर परिणाम होतो म्हणून ईसीजी, नाहीतर थेट फोडातच सुई, आणि फोड लहान मुलाच्या नाकावर असला तर विचार करा. उत्तर बिहारात काळ्या आजाराच्या, म्हणजे याच परजीवीच्या भाईबंदाने होणाऱ्या आतल्या अवयवांच्या रोगाच्या, निम्म्याहून जास्त पेशंटना अँटिमनीचा गुण येईनासा झाला होता. बाकीची औषधं उसनी, अँफोटेरिसिन बुरशीवरचं, मिल्टेफोसिन कॅन्सरसाठी शोधलेलं आणि गरोदर बाईला देताच येत नाही असं.

आता हळद. डिशमध्ये मोकळा पोहणारा परजीवी मारणं सोपं असतं हो, पण माणसात तो मॅक्रोफेजच्या आत, म्हणजे जी पेशी त्याला गिळून संपवायला येते तिच्याच पोटात राहतो. स्टेन केलेली स्लाइड बघितली की एकेका पेशीत जांभळे ठिपके दाटलेले दिसतात. औषधाने पेशीचं आवरण ओलांडायचं, आतल्या आम्लाच्या पिशवीत शिरायचं, तिथे टिकायचं आणि पेशीला धक्का लावायचा नाही. कितीतरी कंपाउंड इथेच बाद होतात, ठिपके गेलेले असतात पण पेशीही मेलेली असते. कर्क्युमिन तर तोंडाने घेतलं की रक्तात जेमतेम उतरतं, वर बऱ्याच टेस्टमध्ये खोटा पॉझिटिव्ह देतं.

आणि नफा? डब्ल्यूएचओच्या अंदाजाने वर्षाला ६ ते १० लाख नवीन पेशंट, पण बहुतेक गरीब, म्हणून कंपन्या इकडे फिरकतच नव्हत्या. अशा रोगांसाठीच २००३ मध्ये डीएनडीआय ही ना-नफा संस्था उभी राहिली. तिने नोव्हार्टिसबरोबर पुढे नेलेला एलएक्सई४०८ हा औषधाचा रेणू परजीवीचा प्रोटिएसोम (पेशीतली नको असलेली प्रथिनं तोडणारी यंत्रणा) बंद पाडतो, तो तोंडाने घेता येतो आणि काळ्या आजाराच्या पेशंटवर त्याच्या चाचण्या सुरू झाल्यात.